भांड्यांवरची नावं : घरकामात उपकारस्तुती कशी सुरू करावी

आमच्या घरात स्टीलचं एक खोलगट ताट आहे. त्याच्या मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी माझ्या आत्याचं नाव, खाली माझ्या लग्नाची तारीख आणि ‘सप्रेम भेट’ असं कोरलेलं आहे. मराठी घरांत यात नवं काही नाही. लग्न असो, बाप्तिस्मा असो, घरभरणी असो, भांडं घ्यायचं आणि दुकानातूनच त्यावर नाव घालून आणायचं. ते ताट मी कितीतरी वर्षं घासत होते. वाचलं मात्र कधीच नव्हतं.

वाचलं ते एका नाताळच्या रात्री. दिवसभर माणसं येऊन गेली होती. साडेअकरा वाजले होते, मोरीत भांड्यांचा ढीग होता आणि बाहेरच्या खोलीत सगळे गप्पांत रंगले होते. सकाळच्या भक्तीत मी मोकळ्या गळ्याने गीतं गायले होते आणि आता दात आवळून पातेली आपटत होते. तेवढ्यात ते ताट हातात आलं आणि दिव्याच्या उजेडात आत्याचं नाव दिसलं. ती त्याच वर्षी पावसाळ्यात प्रभूकडे गेली होती. माझ्या दहावीच्या वर्षी ती रोज पहाटे उठून माझ्यासाठी चहा ठेवायची. कप पुस्तकाशेजारी ठेवून काही न बोलता परत जायची. साबणाचे हात तसेच ठेवून मी म्हटलं, “प्रभू, आत्याबद्दल तुझे उपकार मानते.” राग काही गेला नाही. ढीगही तेवढाच होता. पण पुढचं भांडं मी आपटलं नाही, पालथं करून त्यावरचं नाव बघितलं.

तेव्हापासून जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी, नवा संसार मांडणाऱ्यांसाठी, नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींसाठी. लांबलचक प्रार्थना पाठ असायची गरज नाही. एक मोरी आणि सात दिवस पुरेत.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘उपकारस्तुती’ हा फार नेमका शब्द आहे. उपकार ओळखायचा, त्याचं नाव घ्यायचं आणि तो करणाऱ्याची स्तुती करायची. ‘थँक यू’ आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा समोरच्याकडे पाहतही नाही. उपकारस्तुतीत थांबून पाहावं लागतं.

नवीन माणसाची पहिली अडचण ठरलेली असते: “मला आतून तसं वाटतच नाही, मग म्हणू कशी?” वाटण्याची वाट पाहू नका. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ११) प्रभुभोजनाची, म्हणजे येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची, आठवण लिहिली आहे. ज्या रात्री येशूला धरून दिलं, त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. ती रात्र काही सुखाची नव्हती. प्रभुभोजनाला ‘युखरिस्त’ असंही नाव आहे. ते ग्रीक भाषेतल्या उपकारस्तुतीच्या शब्दावरूनच पडलं आहे.

दुसरी गोष्ट. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) सांगितलं आहे, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. यातला ‘स्थितीत’ हा शब्द धरून ठेवा. दुखणं, कर्ज, घरातली भांडणं यांबद्दल आनंद मानायला इथे सांगितलेलं नाही. त्या स्थितीत असतानाही देवाचे उपकार दिसू शकतात, एवढं सांगितलं आहे. इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे, आणि त्यावर मंडळीतली वडीलधारी माणसं खूप खोल बोलू शकतात. पण सुरुवात ‘स्थितीत’पासून करा.

पहिली पायरी: एकच काम निवडा

सगळं घरकाम एकदम प्रार्थनामय करायला जाऊ नका. मी गेले होते. तीन दिवसांत थकले आणि वर अपराधी वाटलं ते वेगळंच. एकच काम घ्या आणि सात दिवस तेच धरा.

कोणतं? रोज येणारं, दहा-पंधरा मिनिटांचं, हात गुंतवणारं पण डोकं मोकळं ठेवणारं. किराण्याचा हिशेब किंवा मुलांचा अभ्यास घेणं यासाठी चालत नाही, कारण तिथे मन लागतं. झाडणं, कपडे वाळत घालणं, पाणी भरणं, कणीक मळणं चालेल. माझा सल्ला भांड्यांचा. एक तर ती कधी संपत नाहीत, दुसरं म्हणजे घरातलं प्रत्येक माणूस त्यांत काहीतरी ठेवून जातं.

तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. गाणी लावूनही नको, निदान पहिला आठवडा. स्वतः गुणगुणलात तर उत्तम. जात्यावर बसलं की ओवी यायचीच, ती सवय आपल्या भाषेत मुरलेली आहे. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची गीतं अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली, म्हणून तर ती काम करताना सहज ओठांवर येतात. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं पाठ असलेलं एखादं कडवं पुरे.

दुसरी पायरी: हात ओले करण्याआधी एक वाक्य

नळ सोडण्याआधी एकच वाक्य म्हणायचं. मी म्हणते, “प्रभू, हे काम तुझ्यासमोर करते.” तुमचं वाक्य तुम्ही ठरवा, पण रोज तेच ठेवा. लहान असू दे.

यामागे मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिले. त्यांत स्वयंपाकघराची पाळी आठवड्याची असे, आणि आजारपण किंवा फार महत्त्वाचं काम असल्याशिवाय कुणालाही ती चुकत नसे. पाळी सुरू करणारा बंधू सगळ्यांसमोर तीनदा म्हणायचा, “हे देवा, माझ्या साहाय्याला ये, प्रभू, मला साहाय्य करायला त्वरा कर.” हे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ७० चे सुरुवातीचे शब्द. त्याच नियमांत असंही आहे की मठातली सगळी अवजारं आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजून वापरावीत. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या काळवंडलेल्या कढईकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि अजूनही पाहते.

तिसरी पायरी: नाव घेऊन उपकार माना

खरं काम या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

“देवा, सगळ्याबद्दल धन्यवाद” हे वाक्य चुकीचं नाही, पण त्याला पकडायला काही नसतं. मी स्वतःला एक कसोटी घातली आहे: ज्याकडे बोट दाखवता येईल, त्याबद्दलच म्हणायचं. स्तोत्र १३६ उघडून पाहा. त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हेच धृपद येतं. पण पहिला अर्धा भाग दर वेळी वेगळा आणि अगदी नेमका. सूर्याचं नाव, चंद्राचं नाव, तांबडा समुद्र, अमोऱ्यांचा राजा सीहोन, बाशानाचा राजा ओग. आणि सव्विसाव्या ओवीच्या आधी, इतक्या मोठमोठ्या गोष्टींनंतर, तो सर्व प्राण्यांना अन्न देतो हे येतं. आपण मोरीजवळ उभ्या असतो ती जागा हीच.

तर करायचं असं. पहिलं भांडं हातात घ्या आणि पालथं करा. नाव असेल तर वाचा. देणारं माणूस आठवत असेल तर त्याची एक गोष्ट आठवा. गुण नको, गोष्ट. ‘मामी प्रेमळ होती’ असं नको. ‘मी आजारी असताना मामी एसटीने दोन गाड्या बदलून आली होती’ असं. मग म्हणा, “प्रभू, मामीबद्दल तुझे उपकार.” माणूस हयात असेल तर त्याच्यासाठी दोन शब्द मागा. देणाऱ्याशी आज अबोला असेल तर? माझ्याकडे असा एक तांब्या आहे. फार दिवस मी तो घाईघाईने विसळून ठेवायचे. आता म्हणते, “प्रभू, तेव्हा हे प्रेमाने दिलं होतं, त्याबद्दल तुझे उपकार. पुढचं तू बघ.” याहून जास्त मला अजून म्हणता येत नाही, आणि तो ते ऐकतो असा माझा विश्वास आहे.

खोलीवर राहता, भांडी नवी आहेत, नावं नाहीत? मग ज्याने त्यात खाल्लं त्याचं नाव घ्या. ही वाटी धाकटीची, वरणाचा काठ तसाच आहे, म्हणजे आज शाळेत काहीतरी बिनसलं असावं. हा कप सासऱ्यांचा, साखर तळाशी राहिली आहे. एकटे राहत असाल तर स्वतःच्याच ताटाबद्दल म्हणा. आज पोटात अन्न गेलं.

दिवसाला तीन नावं पुरे. तीन झाली की बाकीची भांडी गप्प घासा, किंवा गुणगुणत घासा. जास्त ओढायला गेलात की जीभच तेवढी चालते.

भाकरी करत असाल तर तुमच्यासाठी वेगळी वाट आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. मराठी शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत शब्दच आहे ‘आमची रोजची भाकर’. दुसऱ्या कुठल्या भाषेत हे इतकं आपल्या परातीपर्यंत येत असेल असं मला वाटत नाही. आमच्या नगरकडे शाळूची भाकरी. कोमट पाण्यात पीठ भिजवायचं, तळहाताच्या टाचेने मळून मळून चिकट करायचं, गोळा परातीत ठेवून बोटांनी फिरवत थापायचं. पहिली भाकरी थापायला घेताना मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करते. सावकाश म्हटलं तर भाकरी तव्यावर पडून वर पाणी फिरवेपर्यंत प्रार्थना ‘आमेन’पर्यंत येते. घाईत कडेला चीर गेली तर समजते की प्रार्थनाही घाईत झाली. मग दुसरी भाकरी हळू.

सुगीच्या उपासनेला आपल्या मंडळ्यांत धान्याची कणसं, भोपळे, पालेभाज्या वेदीपुढे येतात, भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. वर्षातून एकदा सगळे मिळून शेताबद्दल उपकार मानतात. बाकीच्या दिवसांचं ते काम परातीपाशी होतं.

चौथी पायरी: कुरकुर आली की ती सांगून टाका

कुरकुर येणारच. बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. “मीच का? रोज मीच का?”

मार्थेची गोष्ट (लूक १०) इथे नेहमी काढली जाते, आणि बहुतेक वेळा काम करणारीला गप्प करायला. ती नीट वाचा. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात बुडाली होती आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली होती. मार्थेने कुरकुर येशूजवळच केली, आणि त्याने तिचं नाव दोनदा घेऊन उत्तर दिलं. त्याने तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल सांगितलं. स्वयंपाक हलका आहे असं तो म्हणाला नाही. पुढे योहान १२ मध्ये तिचा भाऊ लाजरस मेलेल्यातून उठल्यानंतरच्या जेवणात एक छोटंसं वाक्य आहे: मार्था वाढत होती. काम तेच, घरातली माणसं तीच, पण या वेळी तिची तक्रार नोंदलेली नाही. मधल्या काळात, भाऊ मेल्यावर, तिने गावाबाहेर येशूला गाठून तोंडावर सांगितलं होतं, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मला वाटतं, मनातलं सगळं बोलून झालेल्या बाईचं ते वाढणं आहे.

म्हणून कुरकुर दाबून वर ‘धन्यवाद’ चिकटवू नका. आधी ती देवाला सांगा, शब्द न सजवता: “प्रभू, कंबर दुखते आहे आणि कुणी उठत नाही.” मग एक उपकार. क्रम हाच ठेवा. स्तोत्रसंहितेतली किती तरी स्तोत्रं आधी रडतात आणि मग गातात.

सांगून झाल्यावर स्वतःला विचारा: हा थकवा आहे की अन्याय? थकवा असेल तर उरलेली भांडी सकाळी. त्यावर देव रागावत नाही. अन्याय असेल, म्हणजे चार धडधाकट माणसांचं काम एकटीवर पडत असेल, तर प्रार्थनेनंतर बाहेरच्या खोलीत जाऊन शांतपणे बोला. पाळ्या ठरवा, कागदावर लिहा, फ्रिजवर लावा. आमच्याकडे हे व्हायला त्या नाताळनंतर तीन महिने लागले, आणि रविवारची भांडी आता माझे यजमान आणि मुलगा घासतात. उपकारस्तुती म्हणजे अन्यायावर घातलेलं झाकण असं कुणी तुम्हाला शिकवत असेल तर ते ऐकू नका. आणि घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर हा लेख बाजूला ठेवा. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

पुरुष वाचकांना एक विनंती. योहान १३ मध्ये येशूने रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. योहान २१ मध्ये पुनरुत्थानानंतर त्याने समुद्रकाठी कोळशाचा विस्तव पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि रात्रभर राबून आलेल्या माणसांना न्याहारीला बोलावलं. प्रभूने स्वतः केलेल्या कामाला ‘बायकांचं काम’ म्हणायला जीभ वळू नये. आजच्या रात्रीची भांडी तुम्ही घ्या आणि तिसऱ्या पायरीपासून करून बघा.

एक खड्डा: तुलनेतून आलेले आभार

“आपल्याकडे निदान नळाला पाणी तरी येतं, त्या वस्तीत बघ कसे हाल.” हे ऐकायला नम्र वाटतं. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, नेमकं असंच म्हणाला होता: देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार. दुसऱ्याचा अभाव आपल्या आनंदाचं कारण करू नका. पाणी भरताना तहानलेली वस्ती डोळ्यांपुढे आलीच, तर उपकारस्तुती तिथे थांबवा आणि त्या वस्तीसाठी मागा. शक्य असेल तर एक हंडा पोहोचवा.

घरकाम दुसरी बाई करत असेल तर

शहरांत बऱ्याच घरी भांडी घासायला मौशी येतात. मग उपकारस्तुती कशी करायची? देवाकडे त्यांचं नाव घ्या. पूर्ण नाव, ‘कामवाली’ नको. पण तेवढ्यावर थांबलात तर अपुरं आहे. याकोबाच्या पत्रात (५:४) मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते असं म्हटलं आहे. पगार ठरलेल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, आजारपणात पैसे न कापणं. आणि मोरीत ठेवण्याआधी ताटातलं खरकटं स्वतः काढणं. रोज एवढं केलंत तरी तुमचा वाटा सुरू झाला. मौशी चहा घेत असतील तर त्यांच्याबरोबर बसून घ्या, कप वेगळा नको.

पाचवी पायरी: संपवतानाचं वाक्य

शेवटचं भांडं पालथं घातलं, ओटा पुसला, फडकं पिळून टाकलं. तसंच निघून जाऊ नका, अर्धा मिनिट उभे राहा.

बेनेडिक्टच्या मठांत पाळी संपवणारा बंधू शनिवारी सगळी साफसफाई करायचा, टॉवेल धुवायचा, भांडी स्वच्छ आणि धड परत सोपवायचा. येणारा आणि जाणारा दोघे मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. मग रविवारी जाणारा बंधू तीनदा म्हणायचा, “हे प्रभू देवा, तू धन्य आहेस, तू मला साहाय्य केलंस आणि माझं सांत्वन केलंस.” मी हेच म्हणते, एकदाच. ‘साहाय्य केलंस’ म्हणताना हातांकडे बघते. पाण्याने सुरकुतलेली बोटं असतात. ती आज चालली.

आवड निर्माण होईल का, असं मला विचारतात. माहीत नाही, आणि त्याची गरजही नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते, आधीचे सैनिक, पायाने अधू. स्वयंपाकघराची त्यांना मुळात नावड होती. सुमारे पंधरा वर्षं त्यांनी तेच काम देवाच्या प्रीतीसाठी केलं आणि ते त्यांना सोपं होत गेलं. पंधरा वर्षं. आपला तर पहिलाच आठवडा आहे.

खाडा पडला तर

पडेल. पाहुणे येतील, ताप येईल, नुसता विसर पडेल. दुसऱ्या दिवशी सहा नावं घेऊन भरपाई करू नका. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोज सकाळी गोळा करावा लागे, आणि शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचा सोडला तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेल्याला किडे पडत. कालचं कालच्याबरोबर जाऊ द्या, आज तीन.

लहान मुलं घरात असतील तर त्यांना प्रवचन देऊ नका. भांडं हातात द्या आणि विचारा, “यावर कुणाचं नाव आहे रे, वाच बरं.” बाकीचं तुम्ही सांगाल ती गोष्ट करेल. माझा मुलगा अक्षरं लावायला असाच शिकला.

सात दिवस झाले की दुसरं काम जोडा. मी कपडे वाळत घालायचं सुचवेन. दोरीवर एकेक कपडा झटकून टाकताना ज्याचा शर्ट त्याचं नाव, चिमटा लावेपर्यंत. बाह्या उलट्या राहिल्या असतील तर त्या सरळ करतानाही. भांड्यांचं मात्र सोडू नका, ते चालू ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणाच्या लग्नाला भांडं घ्याल तेव्हा नाव घालून घ्या. थोडं खोल घालायला सांगा, म्हणजे कितीही घासलं तरी वाचता येईल.